भिंगबाईची फेरतपासणी

माझी मावशी कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी उलटी करते. कप असो, वाटी असो, नवीन घेतलेला फुलदाणीसारखा काही दिखाऊ प्रकार असो, आधी बूड पाहायचं. मग खिडकीकडे वळून वस्तू उजेडापुढे धरायची, एक डोळा बारीक करायचा, आणि मगच ती घरात राहायला लायक आहे की नाही ते ठरायचं. ताईने ज्याच्याशी लग्न ठरवलं तो मुलगा पहिल्यांदा घरी आला, तेव्हा मावशीने त्याला खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं.

"अगं, तिथे तोंडावर ऊन येतं," आई म्हणाली.

"म्हणूनच," मावशी म्हणाली.

तो बिचारा अर्धा तास डोळे मिचकावत बसला. पास झाला. पण मावशीने त्याच्या डाव्या बुटाची शिवण उसवल्याचं आईला हळूच सांगून ठेवलं होतं, पुढेमागे काही निघालं तर आपण बोललो नाही असं व्हायला नको म्हणून.

हा स्वभाव नाही, पेशा आहे. मावशीने बाटल्यांच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं तपासनीस म्हणून काम केलं. तिच्यासमोर दुधी काचेचा मोठा पडदा असे, त्यामागे दिवे. पडद्यापुढून पट्ट्यावर बाटल्या सरकत जायच्या, एकामागून एक, हिरव्या, रिकाम्या, अजून कोमट. काचेत बुडबुडा आहे का, खडा अडकलाय का, मानेला केसाएवढा तडा आहे का, ते सरकत्या बाटलीत ओळखायचं आणि वाईट बाटली अंगठा आणि दोन बोटांनी उचलून बाजूच्या पिंपात टाकायची. काच फुटल्याचा आवाज आला की शेजारची बाई न बघता म्हणायची, "गेली?" आणि मावशी म्हणायची, "गेली." तिथे सगळे तिला भिंगबाई म्हणत. साहेबसुद्धा.

कामाचा नियम कडक होता. वीस मिनिटं पडद्यापुढे बसायचं, मग दुसरी बाई जागा घेणार आणि आपण दहा मिनिटं खिडकीशी उभं राहून लांब बघायचं. अंगणापलीकडे गोदामाला हिरवं दार होतं, तेच बघायचं. कारण पडद्याकडे फार वेळ पाहिलं की डोळे उघडेच राहतात, पण दिसणं बंद होतं. बदली आली नाही तर घंटा वाजवून पट्टा थांबवायचा. आणि प्रत्येक खेपेच्या कागदावर शेवटी तीनपैकी एक शब्द लिहून सही करायची: पास, बाद किंवा फेरतपासणी. फेरतपासणी लिहिलं की अख्खी खेप परत पट्ट्यावर चढवायला लागायची, सगळ्यांचे चेहरे उतरायचे. म्हणून तो शब्द फारसा कोणी लिहीत नसे.

त्या बाटल्या जायच्या द्राक्षांच्या मुलखात. राजधानीच्या पलीकडे, आगगाडीने आणखी पाच तास. तिथे त्यांत वाइन भरायची, बूच लागायचं. मावशीने आयुष्यात किती लाख बाटल्या पाहिल्या असतील देव जाणे, पण भरलेली बाटली तिने दुकानातच पाहिली. तीही आधी उलटी करून. दुकानदार ओरडला होता.

दोन वर्षांपूर्वी पडद्यापुढे कॅमेरे बसले आणि मावशी घरी आली. एवढी नजर अचानक रिकामी झाली की ती कुठेतरी पडणारच. ती काकांवर पडली.

काका म्हणजे तिचे यजमान. शाळेत भूगोलाचे मास्तर होते. तीस वर्षं त्यांनी फळ्यावर खडूने राजधानी काढली. नदी निळ्या खडूने, पूल पांढऱ्याने, टेकडी तपकिरी, तो संपला तर लाल खडूने. डोळे मिटून काढायचे. आणि प्रत्यक्षात राजधानी त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. आधी आजोबांचं आजारपण, मग घराचे हप्ते, मग मावशीची शिफ्ट. हे शाळेत कोणाला माहीत नव्हतं. "एखाद्या पोराने विचारलं असतं ना, सर तुम्ही गेलाय का," ते मला एकदा म्हणाले होते, "तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. दुसरं काय करणार?"

तर या वर्षी ते निवृत्त झाले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी मला फोन केला. "तू ये. तुला फोनमधलं बुकिंगचं कळतं. आणि तू असलीस की ती मला कमी बोलते."

गेले तर जेवणाच्या टेबलावर नकाशा अंथरलेला. चार कोपऱ्यांवर चार डबे. शेजारी एक वही, दर दिवसाला एक पान. पहिले तीन दिवस राजधानी, पुढचे चार दिवस द्राक्षांचा मुलूख. प्रत्येक पानाखाली काकांनी पट्टीने रेघ मारून लिहिलं होतं, "तपासले", आणि पुढे सहीची जागा.

"हे काय?" मावशीने विचारलं.

"तुझ्यासाठी. तू तपासल्याशिवाय या घरातून काही बाहेर जातं का?"

मावशीच्या ओठाचा एक कोपरा हलला. पण तेवढाच. तिने चष्मा लावला आणि खुर्ची पुढे ओढली.

"गाडी सकाळी सातची. म्हणजे घरातून किती वाजता?"

"सहा."

"साडेपाच. कोणी सांगितलं सातला सुटते म्हणून?"

"वेळापत्रक सांगतं."

"वेळापत्रक छापलं कोणी? ज्यांची गाडी आहे त्यांनीच ना? ते काय म्हणणार, आमची उशिरा सुटते?" तिने माझ्याकडे पाहिलं. "पुढे. राहायचं कुठे?"

मी फोनवर हॉटेलचे फोटो दाखवले. नदीकाठचं एक, स्टेशनजवळचं एक. मावशीने फोन हातात घेतला. सवयीने उलटा केला, पाठीमागचं बघितलं, परत सुलटा केला. बराच वेळ बोटाने फोटो मागेपुढे सरकवत राहिली.

"ही दोन हॉटेलं वेगळी?"

"हो मावशी. एक नदीवर, एक स्टेशनपाशी."

"पडदा बघ."

"पडद्याचं काय?"

"खाली उजव्या कोपऱ्यात डाग आहे. चहाचा, नाहीतर शाईचा. आता ते दुसरं बघ. तोच पडदा, तोच डाग. खिडकीतून नदी दिसते ती नंतर चिकटवलेली आहे. खोली एकच, पत्ते दोन." तिने चष्मा काढला. "पत्ते तरी खरे आहेत का विचार."

मी विचारलं. नदीकाठच्या पत्त्यावर पोहण्याचा तलाव निघाला, तोही बंद. काका बघतच राहिले. मग मोठ्याने हसले, आणि मी पण. मावशी हसली नाही. काम झाल्यावर कोण हसतं? तिने तिसरं एक हॉटेल शोधायला लावलं, तिथे स्वतः फोन केला, आणि पलीकडच्या माणसाला "खोलीला खिडकी आहे?" आणि "ती उघडते?" आणि "उघडली की समोर काय दिसतं?" असे तीन प्रश्न विचारले. समोर भिंत दिसते असं तो म्हणाला. "खरं बोलतो," मावशी म्हणाली, आणि पहिल्या पानावर सही केली.

संग्रहालयाचं पान, मग पूल आणि बाजाराचं पान. प्रत्येकावर पाऊण पाऊण तास उलटतपासणी, मग सही. काकांचा चेहरा परीक्षेत पास होत चाललेल्या पोरासारखा झाला होता. चौथं पान उलटलं. "दिवस चौथा. द्राक्षांचा मुलूख. मुक्काम, लाल फाटकाचा मळा."

मी वाट बघत होते. आता विचारेल, फाटक लालच का? मळ्यात साप आहेत का? बसचा ड्रायव्हर पितो का?

मावशीने काहीच विचारलं नाही. तिने वही मिटली, नकाशावरचा एक डबा उचलला आणि ओट्यावर ठेवायला गेली. नकाशाचा तो कोपरा आपोआप गुंडाळला गेला.

"तिकडे नको," ती पाठमोरी म्हणाली. "राजधानी बघू आणि परत येऊ."

"अगं, पण अर्धी सहल तीच आहे. आणि तुझ्याच बाटल्या..."

"द्राक्षं इथे मिळत नाहीत का? वेलाला लागतात, टोपलीत ठेवतात, बघितली."

"पण कारण तरी..."

"ती पानं काढून टाका म्हटलं ना!"

काकांनी गुंडाळलेला कोपरा हाताने सपाट केला. मी नाटकाच्या शाळेत आहे, तिथे एक गोष्ट पक्की शिकले. पात्र काय बोलतं त्यापेक्षा ते कुठे बोलायचं थांबतं तिथे बघायचं. मावशीने त्या दिवशी दुपारी पडद्यावर संशय घेतला, वेळापत्रकावर घेतला, संग्रहालयाच्या सुट्टीच्या वारावर घेतला. आणि ज्या एका ठिकाणावर तिने एकही प्रश्न विचारला नाही, त्याचं तिला काहीतरी आधीपासून माहीत होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

चार दिवसांनी तिचा फोन. "ये. भाजी निवडायची आहे."

भाजी निवडायची नव्हतीच. तिने मला आत घेतलं, दार लावलं आणि कडी घातली.

"तुझे काका जिन्यात जाऊन बोलतात."

"कोणाशी?"

"ते कळलं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

"घरात रेंज नसेल."

"घरात आहे. जिन्यात नाही. तरी जिन्यात जातात, आणि 'ऐकू येतंय का, ऐकू येतंय का' करतात. रोज अकरा वाजता. आणि परत आले की वही उघडून काहीतरी लिहितात. मी गेले की मिटतात. काल दाढी करून गेले. फोनवर बोलायला दाढी लागते?"

"मावशी, तुला काय वाटतं, काकांचं या वयात..."

"मला काहीच वाटत नाही. मी बघते, मग वाटतं." तिने घड्याळाकडे पाहिलं. "तुमच्या त्या नाटकाच्या शाळेत काय शिकवतात? चेहरा न हलवता उभं राहायला शिकवतात ना?"

"शिकवतात."

"मग जा आणि उभी राहा."

अकराला पाच कमी असताना मी कचऱ्याची बादली हातात घेऊन वरच्या मजल्याच्या वळणावर उभी राहिले. बादली ही माझी कल्पना. हातात काही असलं की माणूस खरा वाटतो. काका खाली आले, भिंतीला खांदा लावला, कानाला फोन.

"हॅलो? मळ्यातूनच ना? हो, मी कालचाच. ऐकू येतंय का? मला एवढंच विचारायचं होतं, ज्या बाईंच्या हाताला तेव्हा लागलं होतं, त्या अजून आहेत का तिथे? बूच लावणाऱ्या... हो, हो, अंगठा. सहा वर्षं झाली. आहेत? अच्छा! नाही नाही, तक्रार नाही. मी बाटल्यांच्या कारखान्यातला नाही. म्हणजे... हॅलो?"

फोन तुटला. आणि माझ्या हातातल्या बादलीचं झाकण घसरून टणटणत पायऱ्या उतरत काकांच्या पायाशी गेलं. एवढं शिक्षण, आणि झाकण!

काकांनी झाकण उचललं. वर पाहिलं. "तिने पाठवलं?"

"हो."

"तिला काय वाटतंय?"

"तिला बघितल्याशिवाय वाटत नाही."

ते पायरीवर बसले. मी पण बसले. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं. नकाशा टाचायला टाचण्या हव्या होत्या म्हणून त्यांनी मावशीच्या शिवणयंत्राचा खण उघडला. टाचण्यांच्या डबीखाली एक पत्र होतं, चार घड्या घातलेलं. लाल फाटकाच्या मळ्याने कारखान्याला पाठवलेल्या तक्रारीची प्रत. बूच लावताना बाटली फुटली, कामावरच्या बाईचा अंगठा कापला. खाली खेपेचा क्रमांक. आणि कारखान्याच्या साहेबाच्या अक्षरात एक ओळ: तपासणी, दुपारची शिफ्ट, पास. कारण निश्चित नाही. प्रकरण बंद.

"एकोणतीस वर्षांत तिच्या नावाचं हे एकच पत्र," काका म्हणाले. "आणि सहा वर्षांत तिने त्यातलं अक्षर मला सांगितलं नाही. मी म्हटलं, हिला तिथे नेऊ या. ती बाई ठणठणीत असेल तर हिला डोळ्यांनी बघू दे. आणि नसेल तर आधी मला कळू दे. म्हणून फोन करत होतो."

"मग दाढी?"

"काय?"

"काल दाढी करून फोन केलात म्हणे."

"काल माझी दाढीचीच पाळी होती! दिवसाआड करतो मी, तीस वर्षं!"

"दोघांचं झालं असेल तर वर या," जिन्याच्या टोकावरून आवाज आला. "जिन्यात आवाज घुमतो."

मावशी दारात उभी होती. कधीपासून, देव जाणे.

स्वयंपाकघरात कोणी बसलं नाही. मावशी ओट्याला टेकून उभी, काका दाराच्या चौकटीत, मी मधल्या मध्ये बादलीसकट.

"माझ्या खणात हात घातलात."

"टाचण्या..."

"टाचण्या डबीत होत्या. पत्र डबीखाली होतं. डबी उचलायला कोणी सांगितलं?"

काका चक्क म्हणाले, "चुकलं." मावशीने ओट्यावरचा पेला उलटा केला, बूड पाहिलं, परत ठेवला.

"बरं मग ऐका, पूर्ण," ती म्हणाली. "पत्रात अर्धंच आहे. त्या दिवशी बदलीची बाई आली नाही. तिचं पोर आजारी होतं. वीस मिनिटं झाली. मी म्हटलं, येईल. अर्धा तास झाला. घंटा माझ्या डाव्या हाताला होती, एवढ्या अंतरावर. वाजवली असती तर पट्टा थांबला असता, साहेब आला असता, कोण आलं नाही असं विचारलं असतं. तिच्या आधीच दोन गैरहजेऱ्या होत्या. म्हणून नाही वाजवली. एक तास दहा मिनिटं बसले मी त्या पडद्यापुढे. शेवटचा अर्धा वेळ मला बाटल्या दिसत नव्हत्या. उजेड दिसत होता. हात चालत होता. आणि कागदावर मी पास लिहिलं."

"कोणाला कळलं का?"

"कोणाला कळणार? सगळे म्हणाले, भिंगबाईची शिफ्ट होती ना, मग बाटलीत काही नसणार. त्यांचं यंत्रच खराब असेल. माझ्या नावावर प्रकरण बंद झालं." तिने बोटाने ओट्याची कड पुसली, जिथे काही नव्हतं. "तेव्हापासून मी सगळंच दोनदा बघते. आधी एकदा बघायचे."

मला हे माहीत नव्हतं. आम्हा सगळ्यांना वाटायचं ती पहिल्यापासून अशीच.

काकांनी खिशातून फोन काढला आणि तिच्यासमोर धरला. "त्या बाई अजून तिथेच आहेत. नंबर यात आहे. मी बोलणार नाही. तुला बोलायचं तर बोल, नाहीतर मी ती चार पानं आत्ता फाडतो आणि आपण भिंतीसमोरच्या खोलीत तीन दिवस राहून परत येऊ."

मावशीने फोनकडे असं पाहिलं की जणू त्यालाच तडा आहे. मग मला म्हणाली, "लाव. आणि मोठ्या आवाजावर ठेव. नंतर तुम्ही दोघं मला विचारणार, त्यापेक्षा ऐका."

पलीकडे आधी एक पुरुष, मग बराच वेळ काचांची किणकिण, मग एक जाडाभरडा बायकी आवाज. "कोण बोलतंय? लवकर बोला, पट्टा चालू आहे माझा."

मावशी फोनकडे वाकली. "मी बाटल्या तपासायचे. सहा वर्षांपूर्वी तुमच्या हाताला लागलं, ती बाटली माझ्या शिफ्टची होती."

किणकिण थांबली. तिने पट्टा थांबवला होता.

"अहो बाई, सहा वर्षांनी?"

"हो."

"तुमच्या कारखान्यातून चौकशीला एक चिटपाखरू आलं नाही तेव्हा. आमचे मालक म्हणाले बाटली खराब. तुमचे म्हणाले आमचं बूच बसवायचं यंत्र खराब. दोघांनी एकमेकांना पत्रं पाठवली, छान टाइप केलेली. मला कोणी विचारलं नाही, आणि अंगठा तर माझा होता."

"आता कसा आहे अंगठा?"

"पुरता वळत नाही. बटण लावताना शिव्या देते. बुचाला पुरतो." मग जरा थांबून, "तुम्ही का फोन केलात? वकील बसलाय का शेजारी?"

"यजमान आहेत. आणि भाची."

"वकील नाही ना नक्की? मला संशय येतो हो अशा गोड फोनांचा."

"यायलाच पाहिजे," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदा थोडी जान आली. "मला एवढंच विचारायचं होतं. ती बाटली कुठून फुटली? मानेतून की खालून?"

"बुडाजवळून. गोल सुटलं, टोपीसारखं. तुम्हाला हवं तर बघून सांगते, बूड आहे माझ्याकडे."

मावशीने ओट्याची कड घट्ट धरली. "काय आहे?"

"बूड. त्या बाटलीचं. माझं रक्त प्यायलंय ते, फेकून कशाला देऊ? खिडकीत ठेवलंय, त्यात टाचण्या ठेवते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

पाच मिनिटांत फोटो आला. हिरव्या काचेची जाड चकती, फुटकी कड, मधे टाचण्यांचा ढीग. मावशीने चष्मा पुसला, लावला. प्रत्येक बाटलीच्या बुडाला साच्याचा आकडा उठलेला असतो. टाचण्यांमधून चौदा दिसत होता.

"चौदा आमच्याच पट्ट्यावर होता," ती म्हणाली. "आणि इथे बघ. कडेला पांढरं काहीतरी आहे."

"खडा?" काकांनी विचारलं.

"खडा असेल. नाहीतर खिडकीचा उजेड पडला असेल. खडा असेल तर तो मला दिसायला हवा होता. नसेल तर खरंच त्यांचं यंत्र."

मी बोटांनी फोटो मोठा केला. पांढरं अजून पांढरं झालं, चौकोनी झालं, पुसट झालं.

"नको," मावशी म्हणाली. "मोठं केलं की फक्त मोठं होतं. असं नाही कळत. हातात घेऊन फिरवावं लागतं, मागे उजेड ठेवून." आणि पुढच्याच श्वासाला, "शिवाय तेच बूड आहे कशावरून? चौदा नंबरच्या काय कमी बाटल्या निघाल्या?"

तिने परत फोन लावायला सांगितला.

"ऐका. ते बूड तुमच्याच बाटलीचं कशावरून?"

पलीकडे एवढं मोठ्याने हसण्याचा आवाज आला की काका दचकले. "आता कळलं, तुम्ही खरंच तपासणाऱ्या आहात! अहो, फुटलेल्या कडेत माझ्या अंगठ्याचा आकार बसतो. या आणि बसवून बघा."

मावशी म्हणाली, "त्या टाचण्या काढून ठेवाल? आणि ते धुऊ नका. पुसू पण नका."

"सहा वर्षं पुसलं नाही, आता काय पुसते. पण बाई, एक विचारू? तुमचीच चूक निघाली तर काय करणार?"

"तुमच्यासमोर उभं राहून सांगेन."

"आणि नाही निघाली तर?"

मावशीने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीच्या दाराकडे, लांब. हे दार राखाडी आहे, पण ती रोज त्याच्याकडेच बघते, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

"तरी घंटा वाजवायची मीच राहिले होते," ती म्हणाली. "ते कुठल्याच काचेत दिसणार नाही. ते वेगळं सांगायचंय."

पलीकडून तोच जाडाभरडा आवाज, जरा खाली उतरलेला. "मग या. बुधवारी नको, बुधवारी बाटल्या भरतो. बाकी कधीही. राहायला मळ्याची खोली आहे."

"खोलीला खिडकी आहे?"

"आहे."

"उघडते?"

"अर्धी."

"समोर काय दिसतं?"

"द्राक्षं, दुसरं काय दिसणार? आणि आमच्या मालकांचा गोठा. वास येतो, आत्ताच सांगून ठेवते."

"खरं बोलते," मावशी फोन ठेवून म्हणाली.

मग तिने वही मागितली. काकांना वाटलं चौथं पान फाडते की काय. तिने फाडलं नाही, पण पानांवरचे दिवसांचे आकडे खोडून बदलले. चौथं पान पहिलं झालं.

"आधी मळा. मग राजधानी."

"अगं, पण गाडी राजधानीवरूनच जाते!" काका रडकुंडीला आले. "तिथे उतरून दुसरी गाडी पकडायची. मधे चार तास आहेत. तीस वर्षं मी ज्या नदीची वाट पाहिली, ती स्टेशनपासून दहा मिनिटांवर असताना मी चार तास बाकावर बसू?"

"बाकावर कोणी बसवलं तुम्हाला? जा, नदी बघून या. निळी आहे का तेवढं बघा. इतकी वर्षं पोरांना निळी काढून दाखवलीत, कशावरून निळी आहे?"

हा प्रश्न काकांना कधीच पडला नव्हता.

"मी बाकावर बसेन, सामानापाशी," मावशी म्हणाली. "परत येताना तुमची राजधानी तीन दिवस बघू. तेव्हा मला नीट दिसेल."

मी तिकिटं काढली. मावशीने तारीख तीनदा वाचायला लावली, डब्याचा नंबर दोनदा. सामानाच्या यादीत तिने सगळ्यात वर लिहिलं: बॅटरी, भिंग, पांढरा कागद, कामाचे हातमोजे. आणि त्याच्याखाली, जरा विचार करून, त्या बाईच्या हाताला चालेल असं, अंगठा न वळवता लावता येणाऱ्या मोठ्या बटणांचं जाकीट. ते शिवून घ्यायचं होतं. खण उघडून तिने स्वतःच टाचण्यांची डबी काढली, आणि तिच्याखालचं पत्र पण. ते वहीत घातलं.

वही काकांनी पुढे सरकवली. नव्या पहिल्या पानाखाली पट्टीने मारलेली ती रेघ रिकामी होती. तपासले, आणि पुढे सहीची जागा.

मावशीने पेन घेतलं. "तपासले" या शब्दावर एक आडवी रेघ मारली. शेजारी, एकोणतीस वर्षांत जो तिने कधी लिहिला नव्हता तो शब्द सावकाश, कारखान्यातल्या अक्षरात लिहिला: फेरतपासणी. आणि खाली सही केली.